वर्गातली अडचण, रात्रीचा एक तास: शिक्षकांच्या ऑनलाइन चर्चेतून खरंच शिकायचं तर

मुंबईतल्या शिक्षकाच्या फोनमध्ये ग्रुपची कमतरता नसते. शाळेचा एक, केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा) एक, विभागाचा एक, संघटनेचे दोन, शिवाय वर्गाच्या पालकांचा. तिथे दिवसभर यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती 'तातडीने' मागवली जाते, शासन निर्णयांच्या पीडीएफ येऊन पडतात, वाढदिवसाचे केक कापले जातात. "माझ्या पाचवीच्या निम्म्या वर्गाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, तुम्ही काय करता?" असं मात्र तिथे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर खाली तीन अंगठे आणि एक "खूप छान सर" येतं, आणि त्याखाली लगेच पुढचं परिपत्रक.

अशा प्रश्नासाठी वेगळी जागा लागते आणि ठरलेली वेळ लागते. ती कशी उभी करायची, पहिले तीन-चार महिने कशी चालवायची आणि ती साधारणपणे कुठे मोडते, हे इथे क्रमाने दिलं आहे.

साचा तयार आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही शिक्षकांनी ट्विटरवर #एडचॅट सुरू केलं. आठवड्याला एक ठरलेला तास, एक सूत्रधार, क्रमांक दिलेले प्रश्न आणि उत्तराच्या सुरुवातीला तोच क्रमांक. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये #यूकेएडचॅट आलं. आपल्याला त्यांचा साचा घेता येतो, वेळ घेता येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मंगळवारी संध्याकाळी सात वाजतात तेव्हा आपल्याकडे बुधवारची पहाट असते, उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. सकाळच्या अधिवेशनाचे शिक्षक तेव्हा उठतच असतात, पण चर्चेसाठी नाही.

त्या साच्यात एक मोठा बदल मात्र करावा लागतो. नुसता तासभर बोलून कुणाचं शिकवणं बदलत नाही, छान गप्पा झाल्याचं समाधान तेवढं मिळतं. म्हणून एका तासाला पूर्ण चर्चा धरू नका, पंधरवड्याला धरा. पहिल्या बुधवारी अडचण मांडायची आणि एक उपाय ठरवायचा. मधल्या आठ दिवसांत तो प्रत्येकाने आपल्या वर्गात करून पाहायचा. दुसऱ्या बुधवारी मुलांच्या उत्तरांसह परत यायचं. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या फेऱ्याभोवती आहे.

माणसं कोणती घ्यायची

सुरुवात १५ ते २५ जणांनी करा. दहाहून कमी असले तर एखाद्या बुधवारी तिघंच उगवतात आणि तीन जणांत तास ओढावा लागतो. साठच्या पुढे गेलं की कोण कुणाला उत्तर देतंय तेच कळेनासं होतं, आणि निम्मे लोक नुसते बघे होतात.

इयत्ता जवळच्या ठेवा. पहिली-दुसरी एक, तिसरी ते पाचवी एक, सहावी ते आठवी विषयवार. शाळा मात्र वेगवेगळ्या हव्यात. एकाच शाळेतले आठ जण आले तर स्टाफरूममधली जुनी भांडणं ग्रुपवर येतात. एका शाळेतून दोघं पुरेत, म्हणजे वर्गात काही करून पाहताना जवळ बोलायला माणूस राहतो.

मुंबईत याहून पुढे जाता येतं. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. गोवंडी-मानखुर्दला एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात, तरी त्यांचे शिक्षक गणिताच्या एकाच अडचणीवर वेगवेगळे झगडत असतात. गणित किंवा विज्ञानाचा ग्रुप करत असाल तर तो मिश्र माध्यमांचाच करा. ज्याला ज्या लिपीत लिहिता येईल त्याने तसं लिहावं, नोंद तेवढी एका भाषेत ठेवावी. भाषेच्या विषयाचा ग्रुप असेल तर मात्र माध्यम एकच हवं.

आता नाजूक मुद्दा. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विभाग निरीक्षक यांना घ्यायचं का? पहिलं वर्षभर घेऊ नका. माणसं चांगली असतील, प्रश्न त्यांचा नाही. आपला गोपनीय अहवाल जो लिहितो त्याच्यासमोर "माझ्या वर्गाला हे येत नाही" असं कुणी म्हणत नाही. तसं म्हणता आलं नाही तर चर्चेचा पायाच जातो. त्यांना महिन्याची नोंद पाठवा, आणि केंद्रातल्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून ती मांडा. बहुतेक अधिकाऱ्यांना तेवढं पुरतं, आणि आवडतंही.

जागा: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की उघडं मैदान

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, नवं काही शिकवावं लागत नाही, म्हणून बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी. त्याच्या दोन उणिवा माहीत असू द्या. एक, ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन नंबर दिसतो. अनोळखी शाळांतली माणसं एकत्र आणताना शिक्षिकांसाठी ही खरी अडचण आहे, तेव्हा जोडण्याआधी प्रत्येकीला स्पष्ट विचारा, परस्पर जोडू नका. दुसरी, नंतर आलेल्या सदस्याला आधीची सगळी चर्चा दिसत नाही, त्यामुळे तो पुन्हा पहिल्यापासून विचारतो.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, नव्या सदस्याला जुनी चर्चा वाचता येईल अशी सोय ठेवता येते, आणि एकाच ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सीएलआयएक्स या डिजिटल शिक्षणाच्या उपक्रमात शिक्षकांचे गट टेलिग्रामवरच चालवले गेले होते. मात्र "टेलिग्राम टाका" म्हटलं की काही जण तिथेच गळतात. वर्षभर टिकेल अशी पंधरा माणसं हाताशी असतील तर टेलिग्राम, नाहीतर व्हॉट्सॲप.

एक्स आणि फेसबुक ही उघडी मैदानं आहेत. बाहेरचं वाचायला, संशोधन करणाऱ्यांना प्रश्न विचारायला ती उत्तम. स्वतःच्या वर्गाची अडचण तिथे मांडू नका. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा काय झालं ते आठवा. लहान मुलांना संख्या का उलट्या ऐकू येतात, हा खरा शिक्षणाचा प्रश्न होता. दोन दिवसांत त्याचे विनोद झाले, आणि पहिली-दुसरी शिकवणाऱ्यांचा आवाज त्यात कुठेच उरला नाही.

ग्रुप तयार केल्यावर एवढं लगेच करून टाका. दोन ॲडमिन ठेवा, एक कधीही नको. ग्रुपचं नाव आणि फोटो बदलण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवा. वर्णनात चारच ओळी लिहा: विषय, वार-वेळ, फॉरवर्ड चालणार नाही, मुलांची नावं-चेहरे चालणार नाहीत. त्या आठवड्याचा प्रश्न पिन करा. पिन करताना २४ तास, ७ दिवस की ३० दिवस असं विचारलं जातं, तिथे ७ दिवस निवडा, म्हणजे पुढच्या बुधवारी तो आपोआप उतरतो. सदस्यांना ग्रुप खुशाल म्यूट करू द्या. म्यूट केलेला माणूस ठरल्या वेळी येतो. दिवसभर टुणटुण ऐकणारा महिन्याभरात बाहेर पडतो.

वेळ

सकाळच्या अधिवेशनाचा शिक्षक साडेदहाला झोपायला हवा. दुपारच्या अधिवेशनाचा शिक्षक शाळा सुटल्यावर लोकल पकडून विरारला किंवा बदलापूरला पोचेपर्यंत आठ वाजतात. मग स्वयंपाक, घरच्या मुलांचा अभ्यास. उरतात नऊ ते दहा. वार बुधवार किंवा गुरुवार. सोमवारी आठवड्याची घाई असते, शनिवारी माणसं गावाला नाहीतर लग्नाला. पोल घेऊन ठरवा, पण ठरल्यावर बदलू नका. "या आठवड्यात शुक्रवारी घेऊ का?" हे दोनदा झालं की वार कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ज्यांना नऊला जमत नाही त्यांच्यासाठी तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडा ठेवा. धावत्या लोकलमध्ये उभ्याने दोन ओळी लिहिता येतात, तासभर चर्चा करता येत नाही.

शाळेचं वर्ष पाहून फेरे आखा. १५ जूननंतरचे दोन आठवडे प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. पायाभूत चाचणी, संकलित मूल्यमापन, दिवाळीची सुट्टी, दहावी-बारावीच्या परीक्षांचं पर्यवेक्षण, मतदार यादीचं काम हे सगळं वजा करा. वर्षाला दहा-बारा फेरे झाले तर भरपूर झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने दर वर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ग्रुपवरचे तास त्यात आपोआप धरले जात नाहीत, प्रमाणपत्रही मिळत नाही. आमच्या मते ते बरंच आहे. प्रमाणपत्रासाठी येणारी माणसं या कामाला उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न घडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चर्चा फसली की दहापैकी आठ वेळा प्रश्न ढिला असतो.

"वाचन कसं सुधारावं?" हा प्रश्न नव्हे, परिसंवादाचा विषय आहे. त्यावर सगळे भाषण करतात. हाच असा विचारा: "तिसरीतलं मूल वाचताना जोडाक्षरापाशी अडखळलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय करता? शब्द सांगून टाकता, तोडून दाखवता, की गप्प थांबता? किती वेळ?" आता उत्तर देण्यासाठी माणसाला स्वतःचा वर्ग आठवावाच लागतो.

चांगल्या प्रश्नात तीन गोष्टी असतात. तो एका इयत्तेच्या एकाच घटकाचा असतो. त्यात डोळ्यांना दिसेल असं काहीतरी असतं, म्हणजे मुलाचं उत्तर, वहीतली ओळ, शिक्षकाची कृती. आणि त्यातून निघालेली गोष्ट पुढच्या आठ दिवसांत ३५ मिनिटांच्या तासिकेत करून पाहता येते. "पालक लक्ष देत नाहीत", "ढकलपास धोरण" यांवर मतं सगळ्यांची असतात, पण आठ दिवसांत करण्यासारखं काही निघत नाही. असे विषय बाजूला ठेवा. कुणाला फारच बोलायचं असेल तर संघटनेचा ग्रुप आहेच.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. घटक: चौथी-पाचवी, हातच्याची वजाबाकी, मध्ये शून्य. उदाहरण ४०२ − १७८. बरोबर उत्तर २२४. पहिल्या बुधवारी चार प्रश्न असे:

प्र१. हे उदाहरण उद्या वर्गाला दिलं तर कोणती चुकीची उत्तरं येतील? कारण न देता फक्त उत्तरं लिहा.

प्र२. ३७६, २३४ आणि २७४. प्रत्येक उत्तर लिहिणारं मूल मनात काय करत असेल?

प्र३. यातल्या कुठल्या मुलाची चूक तुम्ही आधी हाताळाल, आणि कशाने? काड्या, नोटा, फळ्यावरची मांडणी, आणखी काही?

प्र४. पुढच्या आठ दिवसांत आपण सगळे कोणतं एकच करून पाहू?

प्र२ हा या तासाचा कणा आहे. ३७६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. त्याला हातचा ही कल्पनाच पोचलेली नाही. २३४ लिहिणारं मूल बरंच पुढे आहे. त्याने शतकाचे दहा दशक केले, पण त्यातला एक दशक एककाला देऊन नऊ उरले हे ते विसरलं. २७४ वाल्याने शून्य ओलांडून थेट शतकातून एककाला हातचा दिला आणि दशकाच्या घरात ७ वजा ० असं उलटं केलं. तिघांच्या कागदावर लाल फुली सारखीच पडते, उपाय तीन वेगवेगळे लागतात. एकट्याने पेपर तपासताना हे निसटतं, वीस जणांच्या उत्तरांत ते समोर येतं. ऑनलाइन चर्चेचा खरा फायदा आम्हाला विचाराल तर हाच.

प्रश्न आदल्या रविवारी तयार हवेत, आणि ग्रुपबाहेरच्या एका शिक्षकाला दाखवून घ्या. त्याने "म्हणजे नक्की काय विचारायचंय?" असं म्हटलं तर परत लिहा. प्र१ मंगळवारीच ग्रुपवर टाका, म्हणजे माणसं डोक्यात काहीतरी घेऊन येतात.

तो एक तास

दोन माणसं लागतात. सूत्रधार प्रश्न टाकतो आणि बोलतं करतो. नोंदकर्ता काहीच बोलत नाही, महत्त्वाचे संदेश तारांकित करत जातो. सूत्रधार दर फेऱ्याला बदला. एकच माणूस चार महिने सूत्रधार राहिला की ग्रुप त्याचा होतो, आणि त्याची बदली झाली की बंद पडतो.

८.५५ ला आठवण. ९ ला "आलो" म्हणण्यापुरती पाच मिनिटं: नाव, इयत्ता, माध्यम, वर्गाचा पट. त्याहून जास्त ओळख नको. ९.०५ ला प्र१, ९.१५ ला प्र२, ९.३२ ला प्र३, ९.४५ ला प्र४. शेवटची पाच मिनिटं ठरलेलं परत वाचून दाखवायला. घड्याळ सोडू नका. चर्चा रंगली म्हणून प्र२ वर चाळीस मिनिटं गेली की प्र४ राहतो, आणि प्र४ राहिला तर आठ दिवस कुणी काही करत नाही.

उत्तराची सुरुवात 'उ१', 'उ२' अशी करायची. आकडा देवनागरी ठेवायचा की इंग्रजी ते पहिल्याच दिवशी ठरवा. क्षुल्लक वाटेल, पण फोनच्या दृष्टीने दोन्ही वेगळे आहेत. निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरा वापरला, तर नंतर शोधताना निम्मीच चर्चा सापडते. विषयाचं लेबलही एकच ठेवा, उदाहरणार्थ #वजाबाकी_शून्य, मध्ये मोकळी जागा नको. दुसऱ्याला उत्तर देताना त्याचा संदेश ओढून 'रिप्लाय' करायचा. हे केलं नाही तर नऊ वाजून वीस मिनिटांनी "हो, मलाही तेच वाटतं" हे कुणाच्या कशाला आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

मराठी टायपिंगला वेळ लागतो म्हणून लोक गप्प राहतात. जीबोर्डवर मराठीत बोलून टाइप होतं, ते पहिल्या दिवशी करून दाखवा. आकडे आणि विरामचिन्हं तपासून घ्यावी लागतात. व्हॉइस मेसेज मात्र तासात बंद ठेवा. दोन मिनिटांचे आठ मेसेज कुणी ऐकत नाही, आणि नोंदकर्त्याला त्यातून काही शोधता येत नाही. ज्याला टायपिंग अजिबात जमत नाही त्याच्यासाठी अपवाद: तीस सेकंद, आणि सूत्रधार त्याचा सार एका ओळीत लिहील.

गप्प बसणाऱ्यांची काळजी फार करू नका. ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक सतत बोलतो, असा ठोकताळा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. वीस जणांच्या ग्रुपला तो लावला तर दोघंच बोलतील, म्हणून नाव घेऊन विचारायला हवं: "बाई, तुमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात ही उत्तरं येतात का?" हो-नाही पुरे अशा प्रश्नाने सुरुवात केली की माणूस पुढे दोन ओळी लिहितोच. पोलही वापरा, त्यात बारापर्यंत पर्याय देता येतात. 'यातलं कुठलं चुकीचं उत्तर तुमच्या वर्गात जास्त दिसतं?' यावर बोट टेकवायला कुणी लाजत नाही.

आणि जो सगळ्या प्रश्नांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात लांब उत्तर देतो, त्याला पुढच्या फेऱ्यात नोंदकर्ता करा. भांडण न करता सुटणारी ही एक अडचण आहे.

मधले आठ दिवस

करून पाहायची गोष्ट एकच असावी, सगळ्यांची सारखी, आणि ती किती वेळ करायची तेही सारखं. एकाने काड्या तीन दिवस वापरल्या, दुसऱ्याने व्हिडिओ एकदा दाखवला, तर दुसऱ्या बुधवारी तुलना कशाची करणार?

आपल्या उदाहरणात असं ठरलं समजा: खोट्या नोटांनी तीन दिवस, रोज २० मिनिटं. चार मुलांच्या गटाला शंभराच्या ४ नोटा, दोन एक-एक रुपये आणि सुट्ट्यांसाठी एक 'बँक', ज्यात दहाच्या १० आणि एकच्या १० नोटा किमान. १७८ द्यायचे आहेत. मूल शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा आणतं, त्यातली एक मोडून एकच्या दहा. समोर ३ शतक, ९ दशक, १२ एकक उरतात, आणि २३४ वाल्या मुलाला आपले नऊ कुठे गेले होते ते तिथे दिसतं. लगेच शेजारी वहीत तेच लिहायचं. नुसत्या नोटा खेळल्या आणि वही दुसऱ्या दिवशी उघडली, तर दोन्हीचा सांधा जुळत नाही. बहुतेक वर्गांत फसतं ते इथेच.

आधी आणि नंतर एक चिठ्ठी-चाचणी घ्या. पाच उदाहरणं, दहा मिनिटं: ८५ − ३८, ५७२ − २४८, ४०२ − १७८, ६०० − २४६, ५०३ − २९९. पहिल्या दोनमध्ये शून्य नाही, ती जाणूनबुजून ठेवली आहेत. तीच चुकत असतील तर अडचण शून्याची नाही, हातच्याची आहे, आणि नोटा घेण्याआधी मागे जायला हवं. नंतरच्या चाचणीत आकडे बदला, रचना तीच ठेवा. तपासताना गुण देऊ नका, चिठ्ठ्यांचे कारणानुसार ढीग करा.

ग्रुपवर आणायचं ते एवढंच, समजा: "पट ३८, दोन्ही दिवस हजर ३१. शून्य असलेली तिन्ही बरोबर: आधी ६, नंतर १७. मोठ्यातून लहान वजा करणारे: आधी ११, नंतर ९." शेवटची ओळ वाईट बातमी आहे, आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. नोटांनी २३४ वाल्यांचं काम झालं, ३७६ वाल्यांचं नाही. दोन्ही दिवस हजर असलेलीच मुलं मोजा, नाहीतर चाचणी चुकवणाऱ्यांमुळे आकडा उगीच सुधारलेला दिसतो. "मुलांना खूप मजा आली" हे उत्तर सूत्रधाराने प्रेमाने परत करावं.

फोटो, नावं आणि कायदा

वहीच्या पानाचा फोटो म्हणजे या चर्चेचा पुरावा, पण तो मुलाचा आहे. नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा शिक्का कागदाने झाकून मग फोटो काढा. नंतर फोनवर रेघ मारण्यापेक्षा हे सुरक्षित. मुलाचा चेहरा, गणवेशावरचा बिल्ला, मागचा शाळेचा फलक नको. फोटो साधा फोटो म्हणूनच पाठवा, 'डॉक्युमेंट' म्हणून नको, कारण डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठे काढला याची माहिती तशीच पुढे जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीला महत्त्व देतो. चेहरे न आणणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

एखाद्या मुलाबद्दल बोलताना लैंगिक अत्याचाराची शंका आली तर चर्चा तिथेच थांबवा. ग्रुप ती जागा नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८. अशा संदेशाचा स्क्रीनशॉट कुठेही फिरवू नका.

"दोन फटके दिले की येतं" असं कुणीतरी कधीतरी लिहितंच. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई करतं. सूत्रधाराने ग्रुपवर एका ओळीत हे सांगावं, वाद घालू नये, आणि त्या शिक्षकाशी स्वतंत्र फोनवर बोलावं. बहुतेकदा त्यामागे साठच्या पटाची थकवणूक असते.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. तरीही असा मजकूर ॲडमिनने लगेच काढावा, ती सोय ॲपमध्ये आहे. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी सूचना काढल्या आहेत. त्यात शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका आणि गोपनीय कागद पसरवणं यांना मनाई आहे. ज्या ग्रुपची चर्चा ४०२ − १७८ भोवती फिरते त्याला हे नियम पाळणं जड जात नाही.

अफवांसाठी एकच नियम. शासन निर्णयाचा फोटो कुणी टाकला तर त्यावरचा १८ आकडी संकेतांक विचारा. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. तारखेशी जुळत नसतील किंवा शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय सापडत नसेल, तर पुढे पाठवू नका. आणि तसाही तो या ग्रुपचा विषय नाही.

नोंद

दुसऱ्या बुधवारनंतर तीन दिवसांत एक पान तयार व्हायला हवं. उशीर झाला की होतच नाही. त्यात प्रश्न, दिसलेल्या चुका आणि त्यांची कारणं, काय केलं, आधी-नंतरचे आकडे, कुठे फसलं, आणि पुढे कुणी करून पाहायचं असेल तर साहित्य किती लागेल, एवढंच. कुणी काय म्हटलं याची नावं नकोत. पान गूगल डॉक्समध्ये ठेवा, दुवा ग्रुपच्या वर्णनात द्या. नव्या सदस्याला आधी ही पानं वाचायला सांगा, मग ग्रुपमध्ये घ्या.

मे महिन्यात ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून झोपवा. त्याआधी चर्चा निर्यात करून घ्या. व्हॉट्सॲप फोटोंशिवाय सुमारे ४०,००० संदेश देतं, फोटोंसकट १०,००० च्या आसपास, म्हणून फोटो वेगळे जपा आणि निर्यात दोनदा करा. निर्यात केलेली फाइल कुणालाही पाठवू नका, तिच्यात सगळ्यांची नावं किंवा नंबर असतात. बदली झालेल्यांना राहायचं की नाही ते विचारा. दोन ॲडमिनपैकी एक नवा नेमा, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला प्रश्न कोण लिहिणार ते एप्रिलमध्येच ठरवून ठेवा.